लेन्स न निघणारे कॅमेरे आणि कोकणातली हवा

लेन्स निघत नाही म्हणजे कॅमेरा स्वस्तातला, अशी आपल्याकडे कित्येक वर्षं समजूत होती आणि ती खोटीही नव्हती. भारतात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये १२० चा रोल बसायचा आणि त्यावर १२ चौकोनी फोटो निघायचे. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आला, नव्वदीत कोडॅकचा केबी-१०. फोकस कारखान्यातच ठरवून दिलेला, त्यामुळे दीडेक मीटरपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट आणि त्याहून जवळचं धूसर. लेन्स बदलता येणारा एसएलआर लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्याकडेच दिसायचा.

डिजिटलची सुरुवातही अशीच झाली. १९९५ चा कॅसिओ क्यूव्ही-१० हा मागे पडदा असलेला पहिला लोकप्रिय डिजिटल कॅमेरा. त्याचा सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप) जेमतेम पाव मेगापिक्सेलचा, लेन्स फिरणारी पण न निघणारी. पुढची पंधरा वर्षं खिशात मावणारे झूमवाले कॅमेरे धो धो खपले. २०१० साली जगभरात असे १० कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. मग मोबाइलने तो बाजार गिळला आणि २०२३ पर्यंत आकडा २० लाखांच्या खाली आला. त्यात हळहळण्यासारखं फार नव्हतं. त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, मोबाइलपेक्षा फारसा मोठा नाही.

खरा बदल या पडझडीच्या आधीच सुरू झाला होता. २००८ मध्ये सिग्माने डीपी१ काढला. खिशातल्या कॅमेऱ्यात मोठा सेन्सर, एकच फोकल लेंथ (म्हणजे झूम नाही), आणि चालायला कमालीचा संथ. २०११ च्या मार्चमध्ये फुजीफिल्मचा एक्स१०० आला. त्याच महिन्यातल्या भूकंपाने जपानच्या मियागी प्रांतातला त्याचा कारखाना काही काळ बंद पडला, तरी मागणी टिकली. २३ मिलिमीटरची एफ/२ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अॅपर्चर, मोठं), १२.३ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर, म्हणजे बहुतेक डिजिटल एसएलआरमध्ये असतो त्या मापाचा. या सेन्सरचं क्षेत्रफळ साध्या कॉम्पॅक्टच्या तेरापट भरतं. २०१२ मध्ये सोनीने आरएक्स१ मध्ये फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर बसवला, २०१३ मध्ये रिकोने जीआरला एपीएस-सी दिला, २०१५ मध्ये लायका क्यू आला. न निघणारी लेन्स आता महाग झाली.

महाग होण्यामागे कारणही आहे. एसएलआरमध्ये लेन्समधलं दृश्य डोळ्याकडे वळवणाऱ्या आरशाला जागा ठेवावी लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे, त्यामुळे वाइड लेन्स लांब आणि जड होते. लेन्स कायमची बसवायची ठरली की तिची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ नेता येते आणि त्या एकाच लेन्सला जुळेल असा सेन्सर घडवता येतो. शिवाय एक्स१०० आणि जीआरसारख्यांत शटर लेन्सच्या आतच असतं. ते जवळजवळ आवाज करत नाही, म्हणून रात्रीच्या दशावतारात पहिल्या रांगेत बसूनही कुणाचा रसभंग होत नाही. (तिथे एलईडी दिवे असतील तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा, नाहीतर फोटोत पट्टे येतात.) दुसरा फायदा फ्लॅशचा. भर दुपारी हर्णैच्या बंदरावर टोपीच्या सावलीत काळवंडलेला चेहरा उजळायचा, तर एसएलआर १/२५० च्या आसपास अडतो. लेन्समधलं शटर १/५०० लाही फ्लॅशची साथ धरतं.

मात्र एफ/२ वर एक्स१०० चं हे शटर १/१००० च्या पुढे जात नाही, आणि पुळणीवरचं ऊन त्याला पुरून उरतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) २०० आणि एफ/२.८ ला कडक उन्हात १/६४०० वेग लागतो. एक्स१०० मधला तीन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश एक अष्टमांशावर आणणारा, एनडी फिल्टर चालू केला की तोच १/८०० वर येतो.

एकच फोकल लेंथ किती कामाची, ते रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कळतं. तिथली कातळशिल्पं, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांची नोंद करताना शेजारशेजारचे फोटो जोडून एक चित्र तयार करतात. मध्येच झूम हलला की प्रमाण बदलतं आणि जोडणी फसते. एक्स१०० दीड मीटर उंचीवर सरळ खाली धरला तर चौकटीत साधारण १.५४ बाय १.०३ मीटर कातळ येतो. दोन फोटोंत दोन तृतीयांश भाग सामाईक हवा, म्हणजे लांब बाजूच्या दिशेने अर्धा-अर्धा मीटर सरकायचं. कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती सुमारे १८ मीटरचा, तेव्हा एका ओळीला ३६ फोटो; जुना ३६ फोटोंचा अख्खा रोल संपला असता. ऊन तिरकं हवं, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. दुपारी उथळ खोदरेषा दिसतच नाहीत. तोंड सूर्याकडे करावं, म्हणजे आपली सावली मागे पडते.

आता हवेकडे. लेन्स काढायची नाही म्हणून जांभ्याची धूळ सेन्सरवर सहज बसत नाही, पण बसली तर घरी साफही करता येत नाही. जीआरची लेन्स चालू-बंद करताना पुढेमागे होते आणि भात्यासारखी हवा ओढते, हवेबरोबर बारीक वाळूही. एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की डाग उघडे पडतात. म्हणून किनाऱ्यावर असा कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी वाऱ्याकडे पाठ करावी. २०२० च्या एक्स१००व्हीला पाण्यापासून संरक्षण आहे, पण लेन्सच्या तोंडावर वेगळी रिंग आणि ४९ मिलिमीटरचा फिल्टर लावल्याशिवाय ते पुरं होत नाही. खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर कोरड्या फडक्याने घासू नये, मिठाचे कण ओरखडे पाडतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आधी टिपावं, मग कोरडं करावं.

पावसाळ्यातला खरा वैरी बुरशी. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर राहिली की ती धरते, आणि जून ते सप्टेंबर कोकणात त्याखाली फारसं उतरतच नाही. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० वर ठेवावा. नारंगी जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवायचं. एसी डब्यातून स्टेशनवर उतरल्यावर पिशवी अर्धा तास उघडू नये, नाहीतर काचेवर आतून दव धरतं.

जुना कॅमेरा घेताना अॅपर्चर पूर्ण उघडून लेन्समध्ये तिरका टॉर्च मारावा. बदलत्या लेन्सची काच मागूनही तपासता येते, इथे पुढूनच बघावं लागतं. कोळिष्टकासारखे तंतू दिसले, तर भाव कितीही पाडून मिळाला तरी घेऊ नये. दुरुस्तीवाले बहुधा अख्खा लेन्सचा गाभाच बदलतात, आणि त्याचा खर्च जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या आसपास जातो.