भुंग्यांच्या ट्रेमधला कोंडा फेकू नका

मीलवर्म म्हणजे पक्ष्यांना, सरड्यांना खाऊ घालायच्या अळ्या, त्या कोषात जाऊन पुढे भुंगे होतात. त्यांचं कल्चर, म्हणजे घरी पैदास करायचा जथा, आमच्याकडून नेल्यावर दोन-तीन महिन्यांनी बऱ्याच ग्राहकांचा फोन येतो. "भुंगे छान झाले, पण पिल्लं काही होत नाहीत. दिलेल्या अळ्याच खराब होत्या का?" आम्ही उलट एवढंच विचारतो, की भुंग्यांच्या खालच्या कोंड्याचं काय केलंत? घाण झाला होता म्हणून चाळून टाकून दिला, असं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. अळ्या चांगल्याच होत्या. पुढची पिढी त्या कोंड्याबरोबर कचऱ्यात गेली.

मादी अंडी घालते ती कोंड्याच्या आत, पुष्कळदा ट्रेच्या तळाला चिकटवून. अंडं दोन मिलिमीटरपेक्षा लहान, पांढरं आणि चिकट असतं. बाहेर पडल्या पडल्या त्याला कोंड्याची पूड लागते आणि मग ते शोधूनही सापडत नाही. उबदार जागेत ते एक ते दोन आठवड्यांत फुटतं, पण निघालेली अळी दोऱ्याच्या बारीक तुकड्याएवढी असते. ती सहज नजरेत भरायला आणखी काही आठवडे जातात. या मधल्या काळात ट्रे रिकामा वाटतो, आणि नेमका तेव्हाच तो साफ केला जातो.

शंका असेल तर काळ्या कागदावर चिमूटभर कोंडा पसरा आणि दिव्याखाली मिनिटभर हात न लावता बघत राहा. लांबट, फिकट कण वळवळू लागले तर ती तुमची पिल्लं. धुळीसारखे गोल ठिपके डब्याच्या कडेला थरानं जमून सरकत असतील तर ते माइट्स, म्हणजे कोळ्यांच्या जातीचे अगदी बारीक जीव आहेत. त्यांचं कारण ओल. ते पुढे सांगतो.

भुंगे वेगळे काढायचे, कोंडा नाही. दर दोन आठवड्यांनी भुंगे चाळणीत घ्या, खाली पडलेला कोंडा दुसऱ्या डब्यात भरा, त्यावर तारीख लिहा आणि डबा बाजूला ठेवून द्या. भुंग्यांना नवा कोंडा द्या. हे टाळून चालत नाही, कारण भुंगे स्वतःची अंडी खातात. कोषही सोडत नाहीत, म्हणून कोष दिसले की तेही उचलून वेगळे ठेवायचे. एकाच डब्यात सगळं ठेवलं तरी कल्चर चालतं, पण वाढत नाही. आमच्या संचात तीन ट्रे आणि चाळणी देतो ती याचसाठी. घरात तसे गुळगुळीत उभ्या भिंतींचे डबे असतील तर तेही चालतील, त्यावर अळ्या आणि भुंगे चढू शकत नाहीत. चाळणी मात्र नीट निवडा. भुंगा वर राहिला पाहिजे आणि कोंडा खाली गेला पाहिजे.

जुना कोंडा टाकायचा तो अळ्या सेंटिमीटरभर झाल्यावर. तोवर तो बारीक वाळूसारखा झालेला असतो. ती अळ्यांची विष्ठा. झाडांना उत्तम खत आहे. चाळताना तोंडाला मास्क लावा, या धुळीची काहींना ॲलर्जी होते.

ओलीबद्दल थोडक्यात. पाण्याची वाटी ठेवू नका, कोंड्यावर पाणी शिंपडू नका. गाजराची किंवा बटाट्याची एखादी चकती पुरते, आणि ती मऊ पडायच्या आत काढायची. कोंड्याच्या गाठी व्हायला लागल्या की बुरशी आणि माइट्स आलेच. आम्ही देतो तो कोंडा आधी काही दिवस गोठवलेला असतो, त्यामुळे त्यातून पोरकिडे येत नाहीत. दुसरीकडून आणला तर तुम्हीही तसंच करा.

जागा 25 ते 28 अंश सेल्सियसची असावी. त्याहून थंड जागेत सगळं सावकाश होतं. खायला घालायच्या अळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या तर चालतं. पैदाशीच्या अळ्या आणि भुंगे तिथे ठेवू नका.

आणखी एक तक्रार नेहमीची: "अळ्या एकसारख्या का नाहीत, लहान-मोठ्या का दिल्या?" हे आम्ही मुद्दाम करतो. सगळ्या एका वयाच्या असल्या तर सगळ्या एकदम कोषात जातात, भुंगेही एकदम होतात आणि दोन-तीन महिन्यांत एकदमच संपतात. वयं मिसळलेली असली की साखळी तुटत नाही. बाजारात मिळणाऱ्या खूप मोठ्या अळ्या बघून आमच्या बारीक वाटतील, पण तशा काही अळ्यांना कोषात जाऊ नये म्हणून संप्रेरक दिलेलं असतं. पक्ष्यांना, सरड्यांना खायला त्या ठीक आहेत. पैदाशीसाठी आम्ही त्या विकत नाही.

पांढरीफटक मऊ अळी आजारी नसते, तिनं नुकतीच कात टाकलेली असते. भुंगाही कोषातून निघताना पांढरट असतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी काळा. काळी पडून लिबलिबीत झालेली अळी मेलेली असते, ती लगेच काढा.

अंड्यापासून पुन्हा भुंगा व्हायला चांगली ऊब मिळाली तरी साधारण तीन-चार महिने लागतात. तोवर सगळ्या अळ्या खाऊ घालू नका, निदान निम्म्या राखून ठेवा. रोजच्या खाण्याला अळ्या हव्या असतील तर आमच्याकडून वेगळ्या घ्या आणि कल्चरला हात लावू नका. आणि कुठलाही ट्रे रिकामा करायच्या आधी त्यातल्या कोंड्याचा जवळून घेतलेला फोटो आम्हाला पाठवा. टाकायचा की ठेवायचा, ते बघून सांगू.