फ्लोराइड मोजणारा स्फटिक : लँथॅनम फ्लोराइडची पार्श्वभूमी

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरचं पाणी नागपूरच्या प्रयोगशाळेत येतं, तेव्हा त्यातलं फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाची चकती असते. १९६६ साली फ्रँट आणि रॉस या संशोधकांनी हा इलेक्ट्रोड मांडला. त्याआधी झिर्कोनियमच्या रंगद्रावणाचा रंग किती उतरला, यावरून अंदाज बांधत.

लँथॅनमचा शोध स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ मोसांडरने १८३९ मध्ये लावला. लँथॅनम ज्या गटात मोडतं त्या दुर्मिळ मृदांची (rare earths) फ्लोराइडं आधी कामी आली ती सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये, आर्क दिव्याच्या कार्बनकांडीत. पुढे अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत या फ्लोराइडांचं कॅल्शियमने क्षपण (reduction) करून शुद्ध धातू मिळवले गेले. इलेक्ट्रोडसाठी मात्र दोन गुण मोलाचे : लँथॅनम फ्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्याच्या स्फटिकजाळीतून फ्लोराइड आयनच सरकतात. थोडं युरोपियम मिसळलं की जाळीत रिकाम्या जागा वाढतात आणि विद्युतवहन सुधारतं.

स्फटिकासाठी आधी लँथॅनम फ्लोराइडची पूड लागते. ती करणं सोपं वाटतं, पण वजनापासूनच चुका होतात. लँथॅनम ऑक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं. नागपूरच्या पावसाळ्यात तर झपाट्याने. म्हणून आधी ९००–१००० अंश सेल्सिअसवर भाजून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून मगच तोलायचं. ३.२६ ग्रॅम ऑक्साइड विरल नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात अमोनियम फ्लोराइडचं द्रावण घालायचं. हिशेबाने २.२२ ग्रॅम लागतं. थोडं जास्त, म्हणजे २.५ ग्रॅम घ्यावं. भांडं पॉलिप्रॉपिलीनचं हवं, कारण आम्लयुक्त फ्लोराइड काच खातं. साका (खाली बसणारा लँथॅनम फ्लोराइड) चिकट येतो आणि गाळणकागद तुंबवतो. जलऊष्मकावर (गरम पाण्याच्या भांड्यावर) काही तास ठेवला की दाणे बसतात. काहीच वाया गेलं नाही तर ३.९२ ग्रॅम पूड मिळते.

खरी अडचण वाळवताना येते. अडकलेलं पाणी काढायला उघड्या हवेत ताप वाढवला, तर ऑक्सिफ्लोराइड बनतं आणि हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. ऑक्सिजन शिरलेल्या पुडीतून पारदर्शक स्फटिक ओढता येत नाही. त्यामुळे १४९३ अंशांवर वितळवण्याआधी ती कोरड्या हायड्रोजन फ्लोराइडच्या प्रवाहात तापवतात. हा वायू जीवघेणा आहे. धूरकक्ष आणि त्याच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर हे काम सुरूच करू नये.

विदर्भाशी या स्फटिकाचा संबंध आणखी एका वाटेने येतो. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटीने फ्लोराइड काढतात. पाण्यात उरलेलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून बसतं आणि इलेक्ट्रोडला हे धरलेलं फ्लोराइड दिसतच नाही. पाणी आहे त्याहून चांगलं वाटतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरमागे १.० आणि १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादांमध्ये निकाल लावताना ही चूक महागात पडते. म्हणून सीडीटीए (ॲल्युमिनियमला धरून फ्लोराइड मोकळं करणारं रसायन) असलेलं, पीएच स्थिर ठेवणारं बफर द्रावण समप्रमाणात मिसळून पीएच ५ ते ५.५ ठेवतात. पीएच त्याहून बराच वाढला तर हायड्रॉक्साइड फ्लोराइडसारखंच वागून आकडा फुगवतो. फ्लोराइड दहापट झालं की इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजमध्ये २५ अंशांना ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो, ४० अंशांना ६२ चा; तेव्हा मे महिन्यात प्रमाणद्रावण (तुलनेसाठीचं, फ्लोराइड माहीत असलेलं द्रावण) फ्रिजमधून काढून लगेच वापरू नये, नमुन्याच्या तापमानाला येऊ द्यावं.