जेआरडींचं विमान टायगर मॉथ नव्हतं

दर १५ ऑक्टोबरला मुंबईच्या ग्रुपांवर तेच चित्र फिरतं: दोन मजली पंखांचं, उघड्या कॉकपिटचं टायगर मॉथ, आणि खाली ओळ, ‘१९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते हेच विमान’. हे चूक आहे. ते डी हॅविलंड कंपनीचं पुस मॉथ होतं. ‘मॉथ’ हे या कंपनीच्या कित्येक विमानांचं नाव. त्यावरून पंखांची संख्या ठरत नाही.

फोटोतल्या विमानाची छायाकृती, म्हणजे बाह्यरेषा, वाचताना आधी पंख मोजा. पुस मॉथला एकच पंख, तोही बंद केबिनच्या माथ्यावर. टायगर मॉथ तिथेच बाद होतं.

खरी गफलत लेपर्ड मॉथशी होते. तेही उंच एकपंखी, बंद केबिनचं. पंखविस्तार पुसचा ११.२ मीटर, लेपर्डचा ११.४, एवढ्या फरकावर विसंबू नका. खालून पाहा: पुसच्या पंखाची रुंदी जवळजवळ सारखीच राहते, लेपर्डचा पंख टोकाकडे निमुळता होतो. बाजूने चाकाचा उभा दांडा बघा. पुसमध्ये तो वर पंखाच्या मुळाशी जातो, लेपर्डमध्ये पुढे इंजिनामागच्या भिंतीकडे. फोटो तिरका असेल तर निमुळतेपणा फसवतो, तेव्हा दांड्यावरच भरवसा ठेवावा.

१९८२ मध्ये जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केलं ते लेपर्ड मॉथमधून, म्हणून त्याचेही फोटो १९३२चे म्हणून खपतात. लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालंच १९३३ मध्ये.