मत कुणाला, आणि मत कुठे?

2014 च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये शिवसेनेचे अनंत गीते जिंकले, राष्ट्रवादीचे सुनील तटकरे हरले. फरक अवघा 2,110 मतांचा. त्याच मतदानयंत्रावर सुनील तटकरे नावाचा आणखी एक उमेदवार होता, अपक्ष. त्याला नऊ हजारांहून जास्त मतं पडली. त्यातली चुकून पडलेली किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. अशा नामसाधर्म्याचा घोळ टाळण्यासाठी 2015 पासून यंत्रावर उमेदवारांचे फोटो आले.

नावाचा हा किस्सा रायगडात अजून चघळला जातो. मला मात्र तिसऱ्या क्रमांकाचा आकडा जास्त बोलका वाटतो. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) उमेदवाराला लाखाहून जास्त मतं मिळाली आणि हाती काहीच लागलं नाही. आपल्या पद्धतीत निम्म्याहून जास्त मतं मिळवावी लागत नाहीत, बाकीच्यांपेक्षा एक जास्त मिळालं की पुरे. मग मतदारही हिशेब करतो: आपला माणूस येणारच नसेल, तर निदान नको असलेला तरी पडू दे. अशा पद्धतीत राजकारण दोन प्रबळ बाजूंकडे सरकत जातं, असं फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी 1950 च्या दशकात मांडलं. निवडणुकीआधीच्या युत्या, आघाड्या आणि जागावाटपाची रात्र-रात्र चालणारी भांडणं यातूनच येतात.

त्याच 2014 मध्ये विधानसभेला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, तेव्हा हे गणित उघडं पडलं. शिवसेनेला राज्यात सुमारे 19 टक्के मतं मिळाली, काँग्रेसला सुमारे 18. जागा मात्र 63 आणि 42. मतं राज्यभर पातळ पसरलेली असली तर ठिकठिकाणी दुसरा-तिसरा क्रमांक पदरी येतो. एका पट्ट्यात दाटून असली तर आमदार निवडून येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आठपैकी पाच जागा तेव्हा एकट्या शिवसेनेच्या होत्या.

आता चाकरमान्यांकडे, म्हणजे नोकरीसाठी मुंबईकडे गेलेल्या कोकणी माणसांकडे येऊ. गणपतीला आणि शिमग्याला वाडी भरते, पण मतदार यादी सणावर चालत नाही. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा विचारतो की माणूस सर्वसाधारणपणे राहतो कुठे. गावात घर आहे एवढ्यावर तिथला मतदार होता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तात्पुरतं बाहेर गेल्याने हक्क जात नाही, हेही लिहिलंय. एकाच वेळी दोन मतदारसंघांच्या यादीत नाव असणं तर बेकायदाच. त्यामुळे घर लांज्यात आणि मत लालबागला, अशी विभागणी झालेली असते. ज्यांची नावं गावातच राहिली, त्यांच्यासाठी गाड्या काढण्याची उमेदवारांची धडपड का असते, ते 2,110 या आकड्यावरून समजावं.

पण चाकरमान्याचं जाणं याहून खोलवर परिणाम करतं. राज्यातल्या 288 जागा जिल्ह्यांत वाटल्या जातात त्या लोकसंख्येवर, आणि जनगणनेत माणूस राहत्या ठिकाणी मोजला जातो. 2001 च्या जनगणनेवरून झालेली मतदारसंघांची पुनर्रचना 2009 च्या विधानसभेला लागू झाली. रत्नागिरीच्या सात जागांच्या पाच झाल्या. संगमेश्वर आणि खेड हे मतदारसंघ नकाशावरून गेले. सिंधुदुर्गाच्या चाराच्या तीन झाल्या. वेंगुर्ले, मालवण, देवगड ही नावं जाऊन कुडाळ आणि कणकवली आली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या जागा मात्र 13 वरून 24 वर गेल्या. विरार, डोंबिवली, दिव्यात स्थिरावलेली कोकणी कुटुंबंही त्या वाढीत आहेतच.

त्यानंतरच्या 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली, सिंधुदुर्गाची 8.69 वरून 8.50 लाखांवर. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले. पुढची पुनर्रचनाही लोकसंख्येवरच झाली, तर उरलेल्या आठ जागांपैकी किती टिकतील याची चर्चा कोकणात व्हायला हवी. सध्या ती तिकीट कुणाला एवढ्यावरच अडते.