७ वर्षं १८ दिवस : दलीपसिंग सौंद अमेरिकी काँग्रेसमध्ये कसे पोहोचले

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात भारतीय वंशाच्या सहा सदस्यांनी शपथ घेतली. त्यांतले श्री ठाणेदार हे बेळगावात वाढलेले मराठी गृहस्थ, मिशिगनमधल्या डेट्रॉइटचे प्रतिनिधी. त्यांच्याविषयी आपल्याकडे कौतुकाने लिहिलं जातं, ते योग्यच आहे. पण ही वाट ज्यांनी पाडली त्या दलीपसिंग सौंद यांचं नाव मराठीत क्वचितच कानावर पडतं, याची मला मनापासून खंत वाटते.

सौंद अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवड्डी गावचे. जन्म १८९९चा. पंजाब विद्यापीठातून १९१९मध्ये गणिताची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी ते कॅलिफोर्नियात बर्कलीला दाखल झाले. बेत साधा होता. फळं डबाबंद करण्याचं तंत्र शिकायचं आणि परत येऊन आंब्यांचा कारखाना काढायचा. राहायची सोय स्टॉकटनच्या गुरुद्वाराने विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या वसतिगृहात फुकट झाली. शिकता शिकता ते पुन्हा गणिताकडे वळले आणि १९२४मध्ये पीएचडी झाले.

आणि इथेच त्यांची वाट अडली. अमेरिकेत १७९० सालच्या कायद्याने परदेशातून आलेल्या फक्त 'गोऱ्या' माणसालाच नागरिक होता येत असे. १८७०मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी दार उघडलं, आशियाई मात्र बाहेरच राहिले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंड यांनी याला आव्हान दिलं. फेब्रुवारी १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वंशशास्त्राचे पंडित काहीही म्हणोत, सामान्य अमेरिकी माणूस ज्याला गोरा समजतो त्यात भारतीय बसत नाही. निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचीही नागरिकत्वं काढून घ्यायचा सपाटा लावला. थिंड यांच्या बाजूने काम केलेले वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ही पाळी आली. पंडितांनी स्वतःचा खटला लढवला, १९२६मध्ये अपील न्यायालयात जिंकला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. या माणसावर मराठीत एक सविस्तर चरित्र यायला हवं, असं मला फार वाटतं.

नागरिकत्व नाही म्हणून कॅलिफोर्नियात स्वतःच्या नावावर शेतजमीनही घेता येत नव्हती. बर्कलीची पीएचडी हाताशी असूनही नोकरीचं दार उघडेना, तेव्हा सौंद १९२५मध्ये दक्षिणेकडे, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या इम्पीरियल व्हॅलीत गेले. समुद्रसपाटीच्याही खाली असलेलं हे वाळवंट कोलोरॅडो नदीच्या कालव्यांनी भिजवून हिरवं केलेलं. तिथे ते आधी कापूस वेचणाऱ्या टोळीचे मुकादम झाले. मग स्वतः शेती केली, लेट्यूस लावला, लसूणघास घेतला. मंदीत हात पोळले, पण दिवाळखोरी जाहीर न करता देणी फेडली. १९२८मध्ये मारियन कोसा यांच्याशी त्यांचं लग्न झालं. नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाशी लग्न केलं तर अमेरिकी स्त्रीचं नागरिकत्वही जात असे, असा तो काळ होता.

पुढची जवळजवळ वीस वर्षं ते शेत सांभाळत गावोगावच्या सभांमध्ये भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडत राहिले. १९४२पासून नागरिकत्वाच्या हक्कासाठी भारतीयांची संघटना बांधली, शेतकऱ्यांकडून वर्गणी जमवली. न्यूयॉर्कमधले व्यापारी जे. जे. सिंग हेही याच कामासाठी वॉशिंग्टनमध्ये खासदारांचे उंबरठे झिजवत होते. अखेर २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना प्रवेश, पण जे तिथे होते त्यांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला. सौंद १६ डिसेंबर १९४९ रोजी अमेरिकी नागरिक झाले. देशात येऊन २९ वर्षं झाली होती.

त्यांनी एक वर्षही वाट पाहिली नाही. नोव्हेंबर १९५०मध्ये वेस्टमोरलँड गावच्या न्यायाधीशपदाची निवडणूक लढवली आणि जिंकली. पण नागरिक होऊन वर्ष पुरं व्हायला महिना कमी पडत होता, म्हणून निवड रद्द झाली. १९५२मध्ये ते पुन्हा उभे राहिले. त्या प्रचारात गावातल्या एकाने सगळ्यांदेखत विचारलं, "डॉक्टर, तुम्ही निवडून आलात तर कोर्टात यायला पगड्या तुम्ही पुरवणार, की आम्ही विकत घ्यायच्या?" सौंद शांतपणे म्हणाले, डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, डोक्यात काय आहे तेवढंच मी बघतो. या वेळी ते न्यायाधीश झालेच.

१९५६मध्ये रिव्हरसाइड आणि इम्पीरियल या दोन काउंट्यांच्या २९व्या मतदारसंघातून त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसची निवडणूक लढवायचं ठरवलं. जागा रिपब्लिकनांची होती. पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी कोर्टात गेला, कारण राज्यघटनेप्रमाणे सदस्याला किमान सात वर्षांचं नागरिकत्व हवं. कोर्टाने प्रकरणात पडायला नकार दिला. हिशेब केला तर कळतं की सौंद यांचं गणित किती काटेकोर होतं. ३ जानेवारी १९५७ला नवं सभागृह सुरू झालं तेव्हा त्यांना नागरिक होऊन सात वर्षं आणि अठरा दिवस झाले होते.

समोर होत्या जॅकलिन कॉक्रन, ध्वनीपेक्षा वेगाने विमान चालवणारी जगातली पहिली स्त्री. त्यांचे पती मोठे उद्योगपती. कॉक्रन स्वतःचं विमान उडवत प्रचाराला जात, तर सौंद कुटुंब घरोघरी जाऊन मतदारांची नोंदणी करत होतं. सौंद जिंकले. अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेलेले ते पहिले आशियाई, पहिले भारतीय, पहिले शीख.

पहिल्याच खेपेला त्यांना परराष्ट्र व्यवहार समितीवर घेण्यात आलं आणि १९५७च्या अखेरीस ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले. त्या दौऱ्यात ते आपल्या गावीही जाऊन आले. त्याच वर्षी नागरी हक्क कायद्याच्या बाजूने त्यांनी मत दिलं. मतदारसंघातल्या बागायतदारांसाठी मात्र मेक्सिकन मजूर आणणाऱ्या ब्रासेरो योजनेची त्यांनी पाठराखण केली. त्या मजुरांचं शोषण किती होत होतं हे पाहता, एके काळी स्वतः मुकादमी केलेल्या माणसाकडून माझी अपेक्षा वेगळी होती.

ते आणखी दोनदा निवडून आले. मे १९६२मध्ये वॉशिंग्टनला जाणाऱ्या विमानात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं जवळजवळ बंद झालं. उमेदवारी त्यांचीच होती, पण प्रचार मारियन यांनी केला. सौंद हरले. १९७३मध्ये ते गेले, आणि भारतीय वंशाचा दुसरा सदस्य त्या सभागृहात यायला २००५ साल उजाडावं लागलं.