लेक्टिने (वनस्पतिजन्य)

शर्करा ओळखून तिला धरून ठेवणारी, पण तिच्यात कोणताही रासायनिक बदल न घडवणारी प्रथिने. ती विकरे (एन्झाइम) नाहीत आणि प्रतिपिंडेही (अँटिबॉडी) नाहीत. कडधान्यांच्या बियांत ती विपुल असतात, त्यामुळे नवी मुंबईत वाशीच्या दाणा बाजारातले कुळीथ, वाल आणि राजमा यांचे कोणतेही पोते उघडले तरी ती सापडतील. १८८८ मध्ये श्टिलमार्क यांना एरंडाच्या बियांच्या अर्कामुळे रक्तपेशींच्या गुठळ्या होताना दिसल्या. लेक्टिनांचा अभ्यास तिथून सुरू झाला.

रचनेचा सर्वांत चांगला अभ्यास झाला तो अबईच्या जवळच्या नात्यातील जॅकबीनमधल्या कॉनकॅनव्हॅलिन-ए या लेक्टिनाचा. समनर यांनी ते १९१९ मध्ये वेगळे केले. त्याचे चार उपघटक असून प्रत्येकात २३७ ॲमिनो आम्ले असतात. या आम्लांची साखळी घड्या पडून सपाट पत्र्यांसारखी रचलेली असते आणि तिच्या एका टोकाच्या उथळ खळग्यात मॅनोज किंवा ग्लुकोज ही शर्करा बसते. शेजारचे कॅल्शियम व मँगनीज आयन शर्करेला थेट शिवत नाहीत. ते खळग्याचा आकार टिकवतात. ते काढून घेतले की पकड जाते. एका खळग्याची पकड तशी दुबळीच, पण चार खळगे असल्याने एकच रेणू शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना जोडतो आणि गुठळी होते.

या गुणाचा उपयोग रक्तपेढीत होतो. कुळथाचे लेक्टिन एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा ओळखते. योग्य प्रमाणात पातळ केलेल्या त्याच्या अर्काचा थेंब काचपट्टीवर ए रक्तगटाच्या ए-१ या उपप्रकाराच्या रक्तात मिसळला, की लाल कण दाणेदार होतात; ए-२ या उपप्रकाराचे रक्त तसेच एकसारखे राहते. बर्ड यांनी हा गुण १९५१ मध्ये नोंदवला. ठाण्याच्या घरात ज्याचे पिठले होते, त्याच दाण्याचे हे काम आहे, ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते.

वनस्पतीला लेक्टिने मुख्यतः कीटक व प्राण्यांपासून बचावासाठी उपयोगी पडत असावीत. बियांत ती नत्राचा साठाही होतात. फणसाच्या आठळीतले जॅकालिन प्रयोगशाळेत आयजीए-१ हे प्रतिपिंड वेगळे काढण्यासाठी वापरतात.

राजम्यातले लेक्टिन कच्चे पोटात गेल्यास काही तासांतच उलट्या व जुलाब होतात. भिजवलेले पाणी टाकून दाणे निदान १० मिनिटे खळखळून उकळले की ते निकामी होते. मंद आचेच्या भांड्यात मात्र पुरेसे तापमान न आल्यास धोका राहतो. रात्री भिजत घालून सकाळी कुकर लावणाऱ्या घरांनी ‘लेक्टिनमुक्त’ आहाराच्या मागे लागण्याचे कारण नाही. मोड आणून, सोलून शिजवलेल्या वालाच्या बिरड्यालाही हेच लागू पडते. एरंडातले रायसिन मात्र वेगळे: त्याची एक साखळी पेशीवरील गॅलॅक्टोज पकडते, दुसरी आत शिरून प्रथिननिर्मितीच बंद पाडते.