एफसिंक आणि एनटीसिंक: लिनक्सवर गेमचा स्पीड नक्की कशामुळे वाढतो

मार्च २०२५ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ६.१४ एनटीसिंक ही नवी सोय घेऊन आला तेव्हा एकच आकडा सगळीकडे फिरत होता, एनटीसिंकमुळे डर्ट ३ या गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ११०.६ वरून थेट ८६०.७. तो बघून कर्नल अपडेट केला, स्टीमवर नेहमीचा गेम लावला आणि फरक काहीच दिसला नाही, असं ज्यांचं झालं त्यांना वाटतं आकडाच खोटा होता. खोटा नव्हता हो. तुलना साध्या वाइनशी होती, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, आणि स्टीमचा प्रोटॉन (वाइनवरच बेतलेला, गेमसाठीचा) साधा वाइन नाहीये, त्यात २०१९ पासून, म्हणजे ४.११ व्हर्जनपासून, एफसिंक ही त्याच कामाची जुनी सोय आहे.

आधी मूळ अडचण बघू. विंडोजचा गेम एकाच वेळी बरेच थ्रेड (समांतर चालणारी कामं) चालवतो आणि ते सारखे एकमेकांसाठी थांबतात, फिजिक्स झालं का, टेक्स्चर लोड झालं का वगैरे. साध्या वाइनमध्ये हे थांबणं-उठणं सगळं वाइनसर्व्हर नावाच्या एका वेगळ्या प्रोसेसला विचारून होतं, म्हणजे पूर्ण तालुक्याला एकच खिडकी, त्यामुळे प्रोसेसरचे कोर रिकामे असले तरी गेम रांगेत उभा. यावर आधी ईसिंक आलं, पण ते थांबायच्या प्रत्येक गोष्टीसाठी एक फाईल डिस्क्रिप्टर (उघड्या फाईलचा नंबर) खातं, आणि ते मोजकेच मिळतात म्हणून लिमिट वाढवायची कटकट.

एफसिंकने हे काम शेअर्ड मेमरी आणि फ्युटेक्सवर आणलं. फ्युटेक्स म्हणजे लिनक्सची स्वतःचीच थांबा-उठा सोय, पण तिला एका वेळी एकाच गोष्टीसाठी थांबता यायचं, म्हणून सुरुवातीला कर्नलला वेगळा पॅच मारावा लागायचा. पुढे कोलाबोरा कंपनीच्या आंद्रे अल्मेडांनी केलेला फ्युटेक्स-वेट-व्ही (एका वेळी अनेक गोष्टींसाठी थांबू देणारा) कर्नल ५.१६ मध्ये आला, जानेवारी २०२२ ला, आणि पॅचची गरज संपली.

मग एनटीसिंक कशाला? कारण एफसिंक वेगवान असलं तरी विंडोजची हुबेहूब नक्कल करत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. समजा गेम म्हणाला, "या तिन्ही गोष्टी मोकळ्या झाल्या की तिन्ही एकदम माझ्या ताब्यात दे." फ्युटेक्स फक्त "यातली कुठलीही एक" एवढंच जाणतो. त्यामुळे एफसिंक एकेकीची वाट बघतं, मग तिन्ही घ्यायला जातं, एखादी हुकली की हातातल्या परत ठेवतं, आणि त्या मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने डोकावलं तर त्याला अर्धवट स्थिती दिसते. बहुतेक गेमना फरक पडत नाही, पण एखादा मध्येच लटकतो आणि कारण सापडता सापडत नाही. म्हणूनच मूळ वाइनने ईसिंक, एफसिंक दोन्ही कधी आत घेतलं नाही.

कोडवीव्हर्स कंपनीच्या एलिझाबेथ फिगुरा यांनी (ईसिंकही त्यांचंच) हे नियम कर्नलमध्येच ड्रायव्हर म्हणून लिहिले, म्हणजे तिन्ही गोष्टी खरोखर एकाच झटक्यात मिळतात. ६.१० मध्ये थोडा भाग आला होता पण तो वापरण्यासारखा नव्हता, पूर्ण झालं ते ६.१४ मध्ये, आणि वाइन ११ मध्ये त्याचा सपोर्ट आहे.

म्हणजे तुम्ही साध्या वाइनवर गेम खेळत असाल तर एनटीसिंकने मोठी उडी दिसू शकते. डर्ट ३ वाल्या त्याच टेस्टमध्ये रेसिडेंट इव्हिल २ चे एफपीएस २६ चे ७७ झाले होते, आणि सगळेच गेम डर्ट ३ सारखे उडत नाहीत हेही त्यातून कळतं. एफसिंकवाल्या प्रोटॉनवर असाल तर एफपीएस जवळपास तेवढेच राहतील, फायदा झालाच तर तो अडखळणाऱ्या किंवा लटकणाऱ्या गेमला. आणि गेम ग्राफिक्स कार्डापाशीच अडला असेल तर दोन्हींचा उपयोग नाही.

तुमच्याकडे एनटीसिंक चालू आहे का हे बघायला डेव्ह (/dev) फोल्डरमध्ये ntsync नावाची फाईल शोधा. नसेल तर त्याचं मॉड्यूल (कर्नलचा तो भाग) लोड झालेलं नाही, नाहीतर कर्नल जुना आहे. डेबियन १३ या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) कर्नल ६.१२ आहे, तिथे सापडणार नाही. पण गेम प्रोटॉनवर नीट चालत असतील तर फक्त यासाठी डिस्ट्रो बदलू नका, एफसिंक तिथे व्यवस्थित काम करतंय.